प्राण्यांच्या चित्रपुस्तकातला धडा मुलांपर्यंत का पोहोचत नाही, आणि पोहोचवायचा कसा

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका बालवाडीच्या बाईंनी साडेतीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी पाच प्राणिकथा लिहिल्या आहेत: लबाड कोल्हा, दुष्ट मगर, आळशी ससा, आई शोधणारे कासवाचे पिल्लू आणि हट्टी कुर्ली (खेकडा). मुले गोष्टी आवडीने ऐकतात, शेवटचे तात्पर्य एका सुरात म्हणतात आणि लगेच ठोकळ्यांवरून भांडायला लागतात. या गोष्टींची चित्रपुस्तके करायची आहेत. पाने किती, मजकूर किती, चित्रकाराला काय सांगायचे, छपाई कशी, आणि मुळात चुकते कुठे, असे त्यांनी विचारले आहे.

आधी चुकते कुठे ते पाहू, कारण पाने आणि छपाई त्यावरूनच ठरते.

पाचही गोष्टींत धडा शेवटच्या ओळीत आहे. चार वर्षांच्या मुलाला 'प्रामाणिक असावे', 'मोठ्यांचे ऐकावे' ही वाक्ये पाठ होतात, पण त्यांतून उद्या सकाळी नेमके काय करायचे ते कळत नाही. म्हणून प्रत्येक गोष्टीचा धडा हाताने किंवा तोंडाने करता येईल अशा एका कृतीत लिहून काढा. 'वाटून घ्यावे' याची कृती म्हणजे 'दहा झोके झाले की उतरायचं आणि पुढच्याला हाक मारायची'. 'खरे बोलावे' याची कृती म्हणजे 'माझ्या हातून सांडलं, हे बाईंनी विचारायच्या आधी सांगायचं'. अशी कृती सापडली नाही तर त्या विषयावर या वयाचे पुस्तक होत नाही, तो विषय बाजूला ठेवा. आणि ती कृती गोष्टीच्या मध्यानंतर, पात्राच्या हातून, चित्रात दिसली पाहिजे. शेवटच्या पानावरची सूचना मूल ऐकते, पण मधल्या पानावरची कृती ते खेळताना करून पाहते.

दुसरे कारण प्राण्यांशीच जोडलेले आहे. टोरांटो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ४ ते ६ वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याची एकच गोष्ट दोन प्रकारे वाचून दाखवली, एकात पात्रे माणसांची, दुसऱ्यात कपडे घातलेल्या प्राण्यांची. नंतर मुलांना आपले स्टिकर इतरांसाठी देण्याची संधी दिली. माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी आधीपेक्षा जास्त दिले, प्राण्यांची ऐकलेल्यांनी नाही. ज्या मुलांना ते प्राणी माणसांसारखे वाटले, त्यांनी मात्र जास्त दिले. म्हणजे प्राण्याची गोष्ट आपल्यालाही लागू आहे, हा पूल लहान मूल आपोआप बांधत नाही.

मग प्राणी कशाला? एकाच कामासाठी, पण ते काम मोठे आहे: अंतर ठेवण्यासाठी. भीती, मत्सर, अपमान, आपण कमी पडतो ही भावना, या गोष्टी माणसाच्या पोराच्या तोंडी घातल्या की वर्गातले एखादे मूल अंग चोरते, कारण बाकीचे त्याच्याकडे बघतात. पात्र कुर्ली असेल तर कुणाचे घर, धर्म, रंग, आईबापांची ऐपत मध्ये येत नाही. माझे स्पष्ट मत असे: वाटून घेणे, रांग लावणे, हात धुणे यांसाठी मुलांचीच पात्रे घ्या. भीती, लाज, वाट पाहणे, नकार देणे यांसाठी प्राणी घ्या, आणि वाचून झाल्यावर पूल स्वतः बांधा. तो कसा, ते पुढे येते.

'लबाड कोल्हा'मध्ये खोटे बोलणाऱ्याला शेवटी वाघ फाडतो. हे बदलावेच लागेल. त्याच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये ३ ते ७ वर्षांच्या मुलांवर खरेपणाच्या जुन्या गोष्टी तपासल्या. 'लांडगा आला रे आला' ऐकून मुलांचे खोटे बोलणे कमी झाले नाही. चेरीचे झाड तोडल्याचे कबूल करणाऱ्या आणि त्याबद्दल शाबासकी मिळालेल्या मुलाची गोष्ट ऐकून मात्र खरे सांगणाऱ्यांचे प्रमाण वाढले. त्याच गोष्टीचा शेवट उलटा केल्यावर परिणाम नाहीसा झाला. तेव्हा कोल्ह्याच्या पिल्लाला खरे सांगू द्या, आणि सांगितल्यावर आईने त्याला जवळ घेतलेले पान पूर्ण दोन पानी चित्राचे करा. वाईट वागण्याला दोन जोडपानांपेक्षा (जोडपान म्हणजे समोरासमोर उघडणारी दोन पाने) जास्त जागा देऊ नका. आठ पाने ढकलाढकली आणि शेवटी एक 'माफ कर' असे पुस्तक वाचले, तर मधल्या सुट्टीत ढकलाढकलीच उतरते, कारण चित्रांत तीच जास्त आणि जास्त मजेदार असते.

इथे पंचतंत्राचा आधार बरेच जण देतात. त्या ग्रंथाची चौकट विसरू नये: विष्णुशर्मा राजा अमरशक्तीच्या तीन मुलांना व्यवहार आणि राजनीती शिकवतो आहे. माकड आणि मगरीची गोष्ट 'लब्धप्रणाश' या तंत्रात येते, म्हणजे हाती आलेले कसे गमावले जाते या विषयात. ते शहाणपण राजपुत्रांसाठी आहे. त्यातून रचना घ्या, एका प्राण्याचा एकच ठळक स्वभाव आणि दोघांतला नेमका संवाद. तात्पर्य मात्र बालवाडीत आणू नका.

आता प्राणी. तुमच्या मुलांना खाजन (भरतीच्या पाण्याला बांध घालून राखलेली शेते), मानस (बांधातले पाण्याचे दार), बांध, कुळागर (माड-पोफळीची बाग) ठाऊक आहे, तेव्हा सिंह आणि जिराफ आणायचे कारणच नाही. पण घरचा प्राणी घेतला की त्याचे खरे जगणे तपासावे लागते, आणि तुमच्या तीन गोष्टी तिथेच अडतात.

कासवाचे पिल्लू आई शोधते, असे तुम्ही लिहिले आहे. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग या किनाऱ्यांवर येणारी ऑलिव्ह रिडले कासवाची मादी वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू सारखी करते आणि समुद्रात परत जाते. ती पिल्लांसाठी थांबत नाही. साधारण पन्नास दिवसांनी पिल्ले बहुधा रात्री बाहेर येतात आणि पाण्याकडच्या उजळ क्षितिजाच्या रोखाने सरपटतात. किनाऱ्यावर दिवे असले की उलट्या दिशेला वळतात. गोष्ट इथेच आहे: आई नाही, हाक मारणारे कुणी नाही, आणि दोन उजेड दिसतात. 'आई, तू कुठे' हा भाग काढला तर धाडसाची गोष्ट राहते, आणि मुलाला करण्यासारखी कृतीही मिळते, किनाऱ्याकडच्या घरातला बाहेरचा दिवा मालवण्याची. एक काळजी मात्र घ्या, पिल्लू हातात उचललेले मूल कुठल्याही चित्रात नको. मुले चित्राची नक्कल करतात.

ससा आळशी नाही. आपल्याकडचा रानससा दिवसा गवतात दबून बसतो आणि संध्याकाळनंतर चरतो. मूल त्याला दिवसा बघते म्हणून तो झोपाळू वाटतो. गोष्ट रात्रीवर नेली तर न पाहता नाव ठेवू नये हा विषय आपोआप निघतो. वर्गात 'आळशी', 'रडका' अशी लेबले चिकटलेली मुले असतातच, त्यांना हे पुस्तक लागेल.

दुष्ट मगर तर गोव्यात अडचणीचीच आहे. कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत, आणि त्या भागातल्या काही गावांत पौष अमावास्येला माणगे थापणी होते: चिखलाची मगर करून, तिच्या पाठीवर शिंपल्या बसवून तिची पूजा करतात. बांध राखणारी म्हणून जिची पूजा बघितली, तीच पुस्तकात खलनायक म्हणून आली तर त्या गावच्या मुलाने काय समजायचे? मगर राहू द्या, पण तिचे वागणे मगरीचे असू द्या: उन्हात तोंड उघडे टाकून पडलेली, हळू, अंतर ठेवावे अशी. धडा 'दुष्टापासून सावध' याऐवजी 'जवळ जायच्या आधी मोठ्यांना विचार' असा होईल.

चित्रकाराला प्राण्याच्या नावाबरोबर फोटो द्या, नाहीतर हमखास परदेशी प्राणी येतो. कोल्हा म्हटले की लालभडक, शेपटीच्या टोकाला पांढरा गोंडा असलेला युरोपातला प्राणी काढला जातो. आपला कोल्हा करड्या-तपकिरी अंगाचा, शेपटीचे टोक काळपट असलेला असतो. खार काढताना पाठीवर पट्टे हवेत आणि हातात परदेशी ओकचे फळ नको. पोपट एका रंगाचा हिरवा, लांब शेपटीचा हवा, निळा-पिवळा मकाव नको. गवा म्हणजे म्हैस नव्हे, त्याच्या चारही पायांना गुडघ्याखाली पांढरे मोजे असतात. राज्यप्राण्याच्या बाबतीत तरी ही चूक होऊ नये.

प्राणी बोलला तर चालतो. पण कपडे, चष्मा, दप्तर चढवू नका. मानवी रूपातल्या प्राण्यांच्या पुस्तकांतून मुले खऱ्या प्राण्याबद्दल चुकीच्या कल्पना घेतात, हेही अभ्यासांतून दिसले आहे. शरीर खरे, हालचाल खरी, फक्त बोलणे आपले, ही मर्यादा मला सर्वांत उपयोगी वाटते.

आता पानांचे गणित 'हट्टी कुर्ली' घेऊन मांडतो. पिनांचे पुस्तक चारच्या पटीतच होते, म्हणून १६, २४ किंवा ३२ पाने. पहिल्या पुस्तकाला २४ पुरे. पान १ शीर्षक, पान २ प्रकाशनाची माहिती, पान ३ एकटे, ४-५ पासून २२-२३ पर्यंत १० जोडपाने आणि २४ एकटे. म्हणजे गोष्टीचे एकूण १२ टप्पे. उजवे पान नेहमी विषम आकड्याचे असते आणि उत्कंठा त्याच पानाच्या उजव्या कडेला ठेवायची, कारण तिथेच मुलाचा हात पान उलटायला जातो.

तुमच्या मूळ गोष्टीत कुर्ली आईचे न ऐकता बाहेर जाते, बगळा तिची नांगी तोडतो आणि तात्पर्य येते 'मोठ्यांचे ऐकावे'. कुर्लीच्या जगण्यात याहून चांगली गोष्ट आहे. वाढताना तिला जुने कवच सोडावे लागते. ते मागच्या बाजूने उकलते, ती पाठीमागे सरकत बाहेर येते, आणि नवे कवच घट्ट होईपर्यंत काही दिवस मऊ, असुरक्षित असते, म्हणून लपून राहते. इथली कृती कोणती? 'आज नाही' असे मित्रांना कारणासह सांगणे.

पान ३ वर बांधातले बीळ. ४-५ वर भरती, मानशीतून पाणी आत येते, शेवटो माशाची पोरे आणि कुर्ली शर्यत लावतात. ६-७ वर कवच घट्ट होते. ८-९ वर ते उकलते, चित्रात दोन कुर्ल्या दिसतात, एक रिकामी आणि एक मऊ, मुले इथे बराच वेळ थांबतात. १०-११ वर मित्र हाक मारतात. १२-१३ वर ती जाते आणि खांबावरच्या कालव-शिंपल्यांची धार टोचते. १४-१५ वर पानाच्या वरच्या कडेतून खाली आलेले दोन काळे पाय, बाकी पक्षी दिसत नाही. १६-१७ वर शब्दच नाहीत, खारफुटीच्या मुळांत ती गप्प. १८-१९ वर ती बिळाच्या तोंडाशी म्हणते, 'आज नाही. माझं कवच अजून मऊ आहे.' २०-२१ वर मित्र शर्यत सोडून बिळासमोर बुडबुड्यांचा खेळ मांडतात. २२-२३ वर कवच टणक, शेजारी जुने ठेवलेले, किती वाढली ते दिसते. २४ वर दुसरी कुर्ली म्हणते, 'आज नाही', आणि आपली कुर्ली तिच्याजवळ बसते. तात्पर्याची ओळ नाही. नांगी तुटणेही नाही, कारण भीतीसाठी दोन पाय पुरतात.

याला १८० ते २२० शब्द लागतील. साडेतीन-चार वर्षांसाठी एका जोडपानावर दोन वाक्ये, पाच-सहा वर्षांसाठी चार. तुमची आत्ताची गोष्ट सातशेच्या घरात आहे, ती ऐकायची गोष्ट म्हणून चांगली आहे, पण चित्रपुस्तकात चित्र जे सांगते ते शब्दांनी परत सांगायचे नसते. मजकूर लिहून झाला की चित्रात दिसणारे प्रत्येक विशेषण खोडा: 'हिरवेगार', 'इवलीशी', 'मोठ्ठा'. एक तृतीयांश मजकूर तिथेच गळतो.

भाषा मराठीच ठेवा, पण तुमची बहुतेक मुले घरी कोकणी बोलतात हे विसरू नका. प्राण्यांची, भांड्यांची, माशांची नावे घरातली राहू द्या: कुर्ली, शेवटो, मानस. क्रियापदे सोपी आणि वर्तमानकाळातली घ्या. जोडाक्षरे अटळ आहेत, पण एका वाक्यात तीन आली तर वाचणाऱ्याची लय तुटते आणि सहा वर्षांचे मूल तिथेच अडते. वाक्य मोठ्याने वाचून पाहा, मध्येच श्वास घ्यावा लागला तर दोन करा. आणि पात्रांचे लिंग सगळीकडे जसे व्याकरणात आहे तसेच सोडू नका. सिंह, कोल्हा, वाघ पराक्रमी आणि मुंगी, चिमणी, कुर्ली गरीब, असा संच सहज तयार होतो. पाच पुस्तके शेजारी ठेवून हे एकदा तपासा.

मांडणीत देवनागरीच्या स्वतःच्या गरजा आहेत. अक्षर २० ते २४ पॉइंट, ओळींमधले अंतर अक्षराच्या दीडपट, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला चिकटतो. ओळ अर्थाच्या तुकड्यावर मोडा, शब्दाच्या मध्ये कधीच नाही. मजकूर फक्त काळ्या शाईत हवा. चार रंगांच्या मिश्रणातला काळा घेतला आणि रंग किंचित सरकले तर वेलांट्यांना लाल-निळी कड येते. गडद चित्रावर पांढरी अक्षरे टाळा, शाई पसरून बारीक रेषा बुजतात. चित्रकाराकडून प्रत्येक जोडपानात मजकुरासाठी शांत जागा आधीच सोडून घ्या. चेहरे आणि शब्द शिवणीपासून किमान १२ मिमी दूर, कडेबाहेर ३ मिमी जादा चित्र, चित्राची सूक्ष्मता ३०० डीपीआय (इंचामागे ठिपके). जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये टंकलेखन केले असेल तर फाइल दुसऱ्या संगणकावर उघडताच अक्षरे फुटतात. युनिकोड वापरा आणि पीडीएफमध्ये फॉन्ट समाविष्ट आहे का ते पाहून घ्या.

छापायच्या आधी साधे सहा कागद मधोमध दुमडून २४ पानांचा कच्चा नमुना करा, काड्यांची चित्रे चालतील. तो पाच-सहा मुलांना एकेकटे बसवून वाचा. गटात पहिल्याने दिलेले उत्तर सगळे देतात. नंतर शब्द झाकून, चित्रे बघून गोष्ट त्यांना सांगायला लावा. जिथे मूल 'मग... मग...' करते तिथे चित्रात कारण दिसत नाही. जिथे ते न विचारता पान उलटते तिथे त्या पानावर काहीच घडत नाही. ते पान काढा किंवा दोन पाने एक करा.

वर्गात वाचताना पुस्तक तोंडासमोर न धरता खांद्याशेजारी धरा, म्हणजे तुमचा चेहराही दिसतो. वीसपेक्षा जास्त मुले असतील तर दोन गट करा. तो पूल इथे बांधायचा: 'तात्पर्य काय?' विचारू नका. आधी 'कुर्लीने मित्रांना काय सांगितलं?', मग 'तुला कधी खेळायला नको वाटतं?', मग 'तेव्हा तू कसं सांगशील? सांगून दाखव'. तिसरा प्रश्न सोडू नका, मुलाने स्वतःच्या तोंडाने वाक्य म्हटले पाहिजे. दुसऱ्या दिवशी तेच पुस्तक पुन्हा, आणि आठवड्यात आणखी दोनदा. प्रत्यक्ष भांडणाच्या वेळी 'बघ, कुर्ली कशी वागली' असे टोचून बोलायला मात्र ते वापरू नका, मूल त्या पुस्तकाला हात लावायचे सोडते.

छपाई शेवटी. दोन-तीनशे प्रतींपर्यंत डिजिटल परवडते, हजाराला ऑफसेट. आतला कागद १३० जीएसएम (चौरस मीटरमागे ग्रॅम) मॅट आर्ट, मुखपृष्ठ २५० ते ३००. गोव्याच्या दमट हवेत दोन गोष्टी नक्की बिघडतात. साध्या पिना एका पावसाळ्यात गंजतात आणि मधल्या पानावर तांबूस डाग उतरतो, म्हणून गंजरोधक पिना किंवा दोऱ्याची शिवण मागा. मुखपृष्ठाला एकाच बाजूने लॅमिनेशन केले की दुसरी बाजू ओल शोषून ते वळते, जाड कागद घेतला तर हे कमी होते. पूर्ण छपाईआधी एक प्रत त्याच कागदावर काढून घ्या, पडद्यावरचा खारफुटीचा हिरवा कागदावर बराच काळवंडतो. शाळेत पुस्तके भिंतीला टेकवून ठेवू नका, ओल आणि कसर दोन्ही तिथूनच येतात.

पैशांची अडचण असेल तर 'प्रथम बुक्स' या प्रकाशनसंस्थेचे स्टोरीवीव्हर हे खुले व्यासपीठ पाहा. तिथली पुस्तके मुक्त परवान्याची आहेत, मराठी आणि कोकणी दोन्ही आहेत, आणि पातळीनुसार लावलेली असल्याने शब्दसंख्येचा अंदाज येतो. पणजीच्या पाटो भागातल्या कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाच्या बालविभागात एक सकाळ घालवून, दहा चित्रपुस्तकांची पाने मोजून, प्रत्येक पानावरचे शब्द लिहून काढलेत तर मांडणीची समज लवकर येईल.

पाचही पुस्तके एकदम हाती घेऊ नका. कुर्ली आधी करा, तिला सर्वांत कमी बदल लागतात आणि चित्रासाठी नमुना बांधावरच मिळतो. तिच्या मागे ससा. कासवाचे पुस्तक नोव्हेंबरच्या आधी तयार असेल तर अंडी घालण्याच्या हंगामात वापरता येईल. कोल्ह्याची गोष्ट मात्र नव्याने लिहावी लागेल, आणि मगरीच्या गोष्टीला हात लावण्याआधी कालव्याकाठच्या गावातल्या दोन-चार आजी-आजोबांना ती वाचून दाखवा.